नळी पोहोचते तेवढीच चरबी

लिपोसक्शन म्हणजे त्वचेला अगदी लहानसा छेद देऊन त्यातून पोकळ पोलादी नळी आत सरकवणे आणि त्वचा व स्नायू यांच्या मधल्या थरात साठलेली चरबी त्या नळीवाटे खेचून बाहेर काढणे. व्याख्या सोपी आहे. परंतु तिच्यातील ‘त्वचा व स्नायू यांच्या मधल्या थरात’ हे शब्द पुरुषाच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरतात, कारण सुटलेले पोट घेऊन शल्यविशारदाकडे जाणाऱ्या पुरुषाची बरीचशी चरबी त्या थरात नसतेच. ती स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास असते आणि तिथवर ही नळी जात नाही, जाऊही नये. जाहिरातींतून ही शस्त्रक्रिया जितक्या ठळकपणे दाखवली जाते, तितक्या ठळकपणे ही एक गोष्ट सांगितली जात नाही.

शरीरातील मेद दोन ठिकाणी साठतो. त्वचेच्या लगेच खाली असतो तो त्वचेखालचा मेद. चिमटीत धरता येतो, हलतो, मऊ लागतो. दुसरा पोटाच्या पोकळीत असतो, विशेषतः आतड्यांवर पडद्यासारख्या लोंबणाऱ्या वपा या आवरणात, आणि त्याला उदरांतर्गत मेद म्हणतात. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे रजोनिवृत्तीपर्यंत मेद प्रामुख्याने नितंबांवर व मांड्यांवर, त्वचेखाली साठतो, तर पुरुषाच्या शरीरात तो पोटाकडे वळतो आणि त्यातला मोठा वाटा आतल्या पोकळीत जातो. म्हणूनच पुष्कळ पुरुषांची ढेरी पुढे आलेली असूनही हाताला घट्ट, ताणलेल्या ढोलकीसारखी लागते. याची चाचणी घरच्या घरी करता येण्याजोगी आहे. उताणे झोपून, डोके किंचित वर उचलून पोटाचे स्नायू ताठ करावेत आणि त्या अवस्थेत बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरावी. चिमटीत येते ती चरबी नळीच्या आवाक्यातली. स्नायू ताठ केल्यावरही त्यांच्याखालून वर उचललेला जो घुमट दिसत राहतो, तो आवाक्याबाहेरचा. डॉक्टरांच्या तपासणीला हा पर्याय नव्हे, पण त्या तपासणीत काय पाहिले जाते याची कल्पना यावरून येते.

भारतीय पुरुषाला हा भेद अधिकच लागू पडतो आणि तो जगापुढे मांडण्याचे मोठे श्रेय पुण्याकडे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून एक छोटे टिपण लिहिले. वजन आणि उंची यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ असा अगदी सारखा होता; मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. काट्यावर सडपातळ ठरणारा भारतीय माणूस आतून मेदाने भरलेला असू शकतो, हे याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरहून अधिक झाला की तो धोक्याचा मानला जातो, तोही याच कारणामुळे. अशा पुरुषाने लिपोसक्शन करवून घेतले, तर वरचा थर थोडा पातळ होईल. पण मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी ज्याचे नाते आहे, तो आतला मेद जसाच्या तसा राहील.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेतील सेंट लुइस येथे सॅम्युएल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ अशा पंधरा स्त्रियांच्या पोटावरची चरबी मोठ्या प्रमाणात, सरासरी दहा किलोच्या आसपास, लिपोसक्शनने काढली आणि दहा ते बारा आठवड्यांनी त्यांच्या तपासण्या पुन्हा केल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रक्तदाब, रक्तातील साखर, इन्सुलिनचा परिणाम, रक्तातील स्निग्ध पदार्थ यांपैकी कशातही सुधारणा आढळली नाही. आहार व व्यायामाने याहून पुष्कळ कमी वजन उतरले तरी हे आकडे हलतात, याचे कारण तेव्हा शरीर आतला मेदही खर्ची घालते. अभ्यास स्त्रियांवरचा होता हे खरे. परंतु ज्यांच्यात आतला मेद तुलनेने अधिक असतो त्या पुरुषांनी याहून चांगल्या परिणामाची आशा धरावी, असे त्यात काहीही नाही. ‘साखर वाढली आहे, तेव्हा चरबी काढून टाकू’ असा विचार करणाऱ्याने आधी मधुमेहतज्ज्ञाकडे जावे. लठ्ठपणावरची बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया, जी जठरावर केली जाते, ती वेगळी आणि लिपोसक्शन वेगळे. या दोहोंची गल्लत सर्रास होते.

काढलेली चरबी परत येते का, या प्रश्नाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. प्रौढपणी माणसाच्या शरीरातील मेदपेशींची संख्या जवळपास स्थिर राहते आणि वजन वाढते तेव्हा मुख्यतः असलेल्या पेशीच फुगतात. नळीने ओढून काढलेल्या पेशी त्या जागी सहसा पुन्हा भरत नाहीत, म्हणून ती जागा सपाट राहण्याची शक्यता असते. पण खाणे आणि बैठे जगणे तसेच चालू राहिले, तर वाढलेला मेद उरलेल्या पेशींत, दुसऱ्या जागी, साठतो. कोलोरॅडो विद्यापीठातील एका अभ्यासात, स्त्रियांच्या मांड्या व ओटीपोटावरून काढलेली चरबी वर्षभरात परत आली आणि ती मांड्यांवर न येता पोटाकडे आली, असे दिसले. ब्राझीलमधील एका अभ्यासाने त्यावरचा उपायही दाखवला: शस्त्रक्रियेनंतर ज्यांनी नेमाने व्यायाम केला, त्यांच्यात आतला मेद वाढला नाही.

मग ही शस्त्रक्रिया कोणासाठी आहे? ज्याचे वजन उंचीच्या मानाने योग्य किंवा योग्यतेच्या जवळ आहे, ते काही महिने स्थिर आहे, आणि तरीही कमरेच्या दोन्ही बाजूंच्या वळ्या, हनुवटीखालची पिशवी, छातीवरची किंवा पाठीवरची चरबी व्यायामाने हटत नाही, अशा पुरुषासाठी. त्याच्या बाबतीत लिपोसक्शन खरोखर उपयोगी ठरते आणि पुरुषाची त्वचा जाड व लवचीक असल्याने ती नव्या आकारावर बहुधा चांगली बसते. याउलट, तीस-चाळीस किलो वजन उतरवलेल्या पुरुषाच्या पोटावर जी रिकामी कातडी लोंबते, तिच्यात ओढून काढण्याजोगी चरबी फारशी उरलेलीच नसते. तिथे जादा कातडी कापून काढणारी वेगळी शस्त्रक्रिया लागते आणि तिचा व्रण लांब असतो. लिपोसक्शन हा शरीराला आकार देण्याचा उपाय आहे, वजन उतरवण्याचा नव्हे; एक लिटर चरबीचे वजन एक किलोही भरत नाही.

या तंत्राचा इतिहास शंभर वर्षांचा आहे आणि तो एका दुर्घटनेने सुरू होतो. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिये या शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायांवरची चरबी गर्भाशय खरवडण्याच्या हत्याराने काढण्याचा प्रयत्न केला. त्यात तिच्या पायाची मुख्य रोहिणी दुखावली आणि अखेर पाय कापावा लागला. त्यानंतर कित्येक दशके कोणी या वाटेला फारसे गेले नाही. १९७४च्या सुमारास रोममध्ये आर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळी वापरली आणि काही वर्षांत पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी त्या नळीचे टोक बोथट केले. बोथट टोक रक्तवाहिन्या व नसा यांना बाजूला सारत जाते, त्यांना कापत नाही. मोठा बदल मात्र कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी घडवला. १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पद्धतीत सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अॅड्रिनलिन अगदी सौम्य प्रमाणात मिसळून ते द्रावण चरबीत भरले जाते. चरबीचा थर टणक होईपर्यंत फुगवला जात असल्याने या पद्धतीला ट्युमेसंट, म्हणजे फुगवण्याची, पद्धत हे नाव पडले. रक्तस्राव त्यामुळे इतका घटला की आज जगभर हीच पद्धत किंवा तिची रूपे वापरली जातात.

शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष काय घडते, ते इच्छुकाने समजून घेतलेले बरे. रुग्णाला उभे करून डॉक्टर आधी कातडीवर शाईने वर्तुळे काढतात, कारण झोपल्यावर चरबी पसरते आणि उंचवटे दिसेनासे होतात. द्रावण भरल्यावर कातडी पांढरट पडू लागते; हे अॅड्रिनलिनने काम सुरू केल्याचे लक्षण, आणि त्यासाठी काही मिनिटे थांबावे लागते. मग तीन-चार मिलिमीटर जाडीची नळी आत जाते. एक हात ती पुढे-मागे चालवत असतो आणि दुसरा तळहात कातडीवर सपाट ठेवलेला असतो, कारण नळीचे टोक या क्षणी किती खोल आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते त्या तळहाताला जाणवते. शेजारच्या पारदर्शक बरणीत जे जमते, त्याचे थोड्या वेळाने दोन थर होतात: वर पिवळी चरबी तरंगते आणि खाली लालसर पाणी बसते. वरचा थर जाड आणि खालचा फिकट असेल, तर काम नीट चालले आहे. खालचा गडद होऊ लागला की त्या भागात थांबण्याची वेळ आली. ‘इतके लिटर काढले’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या आकड्यात बहुधा हे पाणीही धरलेले असते, हेही लक्षात ठेवावे.

पुरुषाच्या शरीरात हे काम अधिक कष्टाचे होते. त्याच्या पाठीवरची, कमरेच्या बाजूंची आणि छातीवरची चरबी चिवट धाग्यांच्या जाळीत गुंतलेली असते, नळी अडखळत जाते, वेळ जास्त लागतो आणि रक्तस्रावही अधिक होतो. अशा ठिकाणी कंपने देणारी यांत्रिक नळी किंवा ध्वनिलहरींनी चरबी आधी सैल करणारे, व्हेसरसारखे, उपकरण उपयोगी पडते. मात्र ध्वनिलहरी आणि लेझर या दोन्हींमुळे उष्णता निर्माण होते आणि हात अननुभवी असेल तर कातडी आतून भाजू शकते. यंत्राच्या नावापेक्षा ते चालवणारा हात महत्त्वाचा, हे या क्षेत्रात जितके खरे आहे तितके क्वचितच कुठे असेल.

लिडोकेनबद्दल एक गोष्ट रुग्णाच्या घरच्यांनाही ठाऊक असावी. एरवी अॅड्रिनलिनसह हे औषध शरीराच्या दर किलो वजनामागे सात मिलिग्रॅमपर्यंत देतात, पण ट्युमेसंट पद्धतीत ते फार विरळ असल्याने आणि चरबीतून हळूहळू रक्तात उतरत असल्याने ३५ आणि काही तज्ज्ञांच्या मते ५५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. या संथपणामुळे रक्तातील त्याची पातळी शस्त्रक्रियेच्या वेळी नव्हे, तर साधारण बारा तासांनी, म्हणजे रुग्ण घरी झोपलेला असताना, सर्वांत वर जाते. ओठांभोवती बधिरपणा, कानात गुणगुण, जीभ जड होणे, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हे औषध यकृतात विघटित होते. त्यामुळे नियमित मद्यपानाने ज्याचे यकृत थकले आहे किंवा जो काही विशिष्ट प्रतिजैविके अथवा बुरशीनाशके घेत आहे, त्याच्या शरीरात ते अधिक साठते.

धोक्यांची चर्चा टाळून ही शस्त्रक्रिया विकली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते. अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जनांच्या पाहणीवर आधारित, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे पाच हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू आढळला होता आणि त्या मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा, पायातील शिरेत धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकल्याने घडला होता. तंत्र त्यानंतर सुधारले आहे, तरी कारणे बदललेली नाहीत. एका वेळी पाच लिटरहून अधिक काढणे हे मोठ्या प्रमाणातील लिपोसक्शन मानले जाते आणि त्यासाठी रुग्णालयात रात्रभर देखरेख हवी. पुरुषांमध्ये आणखी एक धोका असतो तो हर्नियाचा: बेंबीपाशी किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली स्नायूंच्या भिंतीला फट असेल आणि तिच्यातून आतडे वर आलेले असेल, तर नळी थेट त्या आतड्यात घुसू शकते. पोटाची नीट तपासणी आणि शंका असल्यास सोनोग्राफी केल्याशिवाय पोटावर नळी चालवू देऊ नये.

छातीचा विषय वेगळा आहे आणि त्याबद्दल मुलगे वडिलांशीही बोलत नाहीत. पुरुषाच्या छातीवर स्तनासारखी वाढ होणे याला गायनेकोमास्टिया म्हणतात. यात स्तनाग्रामागे खऱ्या ग्रंथीची घट्ट, रबरासारखी चकती असते. नुसतीच चरबी असेल तर ती मऊ लागते आणि तशी चकती हाताला सापडत नाही. वयात येताना बऱ्याच मुलांमध्ये अशी वाढ दिसते आणि ती साधारण दोन वर्षांच्या आत आपोआप ओसरते, म्हणून त्या वयात शस्त्रक्रियेची घाई करू नये. दोन बनियन घालून, खांदे पुढे झुकवून वावरणाऱ्या मुलाला एवढे समजावून सांगितले तरी त्याचा अर्धा भार हलका होतो. मोठेपणी ही वाढ आली, तर कारण शोधणे आधी आवश्यक आहे. पोटात पाणी साठल्यावर किंवा हृदयविकारात दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, केस गळू नयेत म्हणून घेतले जाणारे फिनॅस्टराइड, यकृताचा सिरॉसिस, वृषणाची गाठ, आणि व्यायामशाळेत गुपचूप टोचली जाणारी अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स, ज्यांपैकी अनेकांचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते, ही त्यांतली प्रमुख कारणे होत. कारण कायम ठेवून छाती सपाट केली, तर ती पुन्हा वाढू शकते. एकाच बाजूला कठीण, एका जागी चिकटलेली गाठ असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल, तर आधी कर्करोगाची तपासणी हवी. स्तनांच्या कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का पुरुषांना होतात आणि उशिरा ओळखले जातात. शस्त्रक्रिया ठरलीच, तर नुसत्या नळीने भागत नाही: ग्रंथीची चकती स्तनाग्राच्या कडेवर छोटा छेद देऊन वेगळी काढावी लागते, आणि ती तशीच ठेवल्याने परिणाम अपुरा राहिलेले रुग्ण दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी येतात.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत पुरुष काही गोष्टी हमखास लपवतात. तंबाखू, मग ती सिगारेटची असो वा चुन्यासोबत मळलेली, तिच्यातील निकोटिन कातडीचा रक्तपुरवठा आवळते आणि जखमा भरू देत नाही. आधी आणि नंतर किमान चार आठवडे ती पूर्ण बंद हवी. रोजचे मद्य, टोचलेली स्टेरॉइड्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हेही डॉक्टरांना सांगायलाच हवे, मात्र हृदयविकारावरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. घोरणे हा घरातल्यांच्या थट्टेचा विषय असतो. पण जाड मानेचा माणूस झोपेत श्वास अडकून दचकून जागा होत असेल, तर तो निद्राश्वसनरोध असू शकतो आणि भूलतज्ज्ञासाठी ती अत्यंत मोलाची माहिती असते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी छेदांतून गुलाबी पाणी इतके झिरपते की पट्ट्या आणि चादर भिजून जातात. ते मुख्यतः भरलेले द्रावण असते आणि दिवस-दोन दिवसांत थांबते. शरीराला घट्ट बसणारा दाबवस्त्राचा पट्टा चार ते सहा आठवडे वापरावा लागतो, महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तो नकोसा होतो, आणि पहिल्यांदा काढताना अनेकांना घेरी येते, म्हणून तो बसूनच काढावा. पोटाचे लिपोसक्शन झालेल्या पुरुषाला बहुधा कोणी आधी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे सूज आणि काळेनिळे रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरून दोन-तीन दिवसांत वृषणकोश व शिश्न सुजतात आणि जांभळे दिसतात. दृश्य भीतिदायक असले तरी ते सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरते. बैठ्या कामावर आठवड्याभरात परतता येते, जोराचा व्यायाम मात्र काही आठवडे लांबवावा लागतो, आणि अंतिम आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. परदेशातून सुटीवर पुण्या-मुंबईत येऊन, शस्त्रक्रिया उरकून लगेच विमानाने परतण्याचा बेत करणाऱ्यांनी तो बदलावा. तासन्‌तास एका जागी बसणे हे गुठळीला आमंत्रण असते.

डॉक्टरांच्या पाटीवर ‘कॉस्मेटिक’ हा शब्द असणे पुरेसे नाही. शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर शिक्षणानंतर प्लॅस्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का आणि भूलतज्ज्ञ कोण असणार, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. पोटावर स्नायूंच्या सहा चौकटी कोरून देण्याच्या जाहिरातींविषयी विशेष सावध असावे: त्या चौकटी वरच्या चरबीत कोरलेल्या असतात आणि वजन वाढल्यावर विचित्र दिसतात. खर्चाच्या बाबतीत, निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही आणि इतर वैद्यकीय सेवांना मिळणारी जीएसटीची सूटही तिला नाही. गुंतागुंत झाल्यास लागणारा खर्च कोण करणार, हे आधीच लेखी घ्यावे.

बरेच पुरुष ही शस्त्रक्रिया घरी न सांगता, कचेरीच्या कामाने बाहेरगावी जात असल्याचे सांगून करवून घेतात. लाज वाटणे समजण्यासारखे आहे, तरीही कोणत्याही परिस्थितीत असे करू नये. शस्त्रक्रियेच्या रात्री बोलणे असंबद्ध झाले, चौथ्या दिवशी पोटरी दुखून सुजली, ताप चढून कातडी लाल झाली किंवा अचानक धाप लागली, तर रुग्णाला ते कळेलच असे नाही. ते ओळखून त्याला रुग्णालयात नेणारा, सर्व काही ठाऊक असलेला एक तरी माणूस पहिले काही दिवस शेजारी असला पाहिजे. पत्नी, भाऊ, मित्र, कोणीही.